साथीचे रोग आणि नव्या औषधांचा शोध : इंग्रजी शब्दांचे नेमके अर्थ

आरोग्यविषयक बातम्या बहुतांशी इंग्रजीतून येतात. जिनिव्हाहून जागतिक आरोग्य संघटनेचे निवेदन येते, नवी दिल्लीहून आरोग्य मंत्रालयाचे पत्रक येते, एखाद्या वैद्यकीय नियतकालिकातील संशोधनाचा सारांश येतो. या मजकुरातील काही शब्द मराठीत जसेच्या तसे रुळले आहेत, काहींना चांगले प्रतिशब्द आहेत, तर काहींचा अर्थ भाषांतराच्या वाटेवर हळूच बदलतो. इतर विषयांत अशी चूक खपून जाते. आरोग्याच्या विषयात मात्र चुकीच्या शब्दामुळे रुग्ण औषध मध्येच सोडू शकतो किंवा आपल्या भागात रोग उरलाच नाही, असा गावाचा समज होऊ शकतो.

वारंवार कानावर पडणाऱ्या अशा शब्दांचा परिचय या लेखात करून दिला आहे. उदाहरणे प्रामुख्याने क्षयरोगाची घेतली आहेत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत आणि या विषयातील बहुतेक सर्व संज्ञा या एका रोगाच्या संदर्भात भेटतात.

रोगांची नावे

अनेक संसर्गजन्य रोगांना मराठीत जुनी, अर्थवाही नावे आहेत. स्मॉलपॉक्स म्हणजे देवी, चिकनपॉक्स म्हणजे कांजिण्या, मीझल्स म्हणजे गोवर, मम्प्स म्हणजे गालफुगी, डिफ्थीरिया म्हणजे घटसर्प, व्हूपिंग कफ म्हणजे डांग्या खोकला, टेटॅनस म्हणजे धनुर्वात, टायफॉइड म्हणजे विषमज्वर, मलेरिया म्हणजे हिवताप आणि कॉलरा म्हणजे पटकी. देवी हे नाव आणि पटकीशी जोडली गेलेली मरीआई यांत रोगाला दैवी कोप मानण्याच्या जुन्या समजुतीची खूण राहिली आहे. इंग्रजी नावेही अशा समजुतींपासून मुक्त नाहीत. मलेरिया हा शब्द इटालियन भाषेतील ‘दूषित हवा’ या अर्थाच्या शब्दांपासून आला. हिवताप डासांमार्फत पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथील संशोधनातून १८९७ साली दाखवून दिले. नाव मात्र तेच राहिले.

एक सावधगिरी येथे हवी. मराठीत कावीळ हा शब्द लक्षणासाठी वापरला जातो आणि रोगासाठीही. इंग्रजीत जॉन्डिस हे लक्षण आहे, म्हणजे डोळे व त्वचा पिवळी पडणे. हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. प्रत्येक हेपॅटायटिसमध्ये कावीळ दिसतेच असे नाही. हेपॅटायटिस बी व सी हे प्रकार तर शरीरात अनेक वर्षे लक्षणांवाचून राहू शकतात. शेवटी ‘आयटिस’ असलेला शब्द सहसा दाह सूचित करतो. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, ब्राँकायटिस म्हणजे श्वासनलिकांचा दाह.

साथ, महासाथ आणि नेहमीचा रोग

एखाद्या प्रदेशात कायम वास्तव्य करून असलेल्या रोगाला एन्डेमिक म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘प्रदेशनिष्ठ’ हा शब्द वापरला जातो. विशिष्ट ठिकाणी अचानक अपेक्षेपेक्षा अधिक रुग्ण आढळले, तर तो आउटब्रेक, म्हणजे उद्रेक. हे प्रमाण मोठ्या लोकसंख्येत पसरले की एपिडेमिक, म्हणजे साथ. आणि साथीने अनेक देश व खंड व्यापले की पँडेमिक, म्हणजे महासाथ.

पँडेमिक हा शब्द रोगाचा विस्तार सांगतो, तीव्रता नव्हे. एन्डेमिक याचा अर्थ सौम्य असाही नाही. क्षयरोग भारतात एन्डेमिक आहे आणि दरवर्षी लाखो लोकांचे प्राण घेतो. कोविड-१९ संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय चिंतेची सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली, तर पँडेमिक हा शब्द ११ मार्च २०२० रोजी वापरला. औपचारिक घोषणा होती ती आणीबाणीची. ती ५ मे २०२३ रोजी मागे घेण्यात आली. आणीबाणी संपली याचा अर्थ विषाणू नाहीसा झाला, असा नव्हता. अनेकांचा समज मात्र तसा झाला.

संसर्ग आणि आजार

इन्फेक्शन म्हणजे संसर्ग, जंतूने शरीरात प्रवेश करून ठाण मांडणे. डिसीझ म्हणजे त्यातून उद्भवलेला आजार. हा भेद क्षयरोगात सर्वांत स्पष्ट दिसतो. क्षयाचा संसर्ग झालेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यभर आजार होत नाही. जंतू सुप्त राहतात. या अवस्थेला लेटंट इन्फेक्शन असे म्हटले जाते. अशी व्यक्ती इतरांना संसर्ग देत नाही. ‘संसर्ग’ आणि ‘रोग’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरल्यास अशा व्यक्तीवर विनाकारण कलंक लागतो.

इन्फेक्शियस म्हणजे जंतूमुळे होणारा, तर कंटेजियस म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहज पसरणारा. धनुर्वात इन्फेक्शियस आहे, परंतु कंटेजियस नाही. तो मातीतील जंतूंमुळे जखमेतून होतो. इन्क्युबेशन पीरियड म्हणजे संसर्ग होण्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ. व्हेक्टर म्हणजे जंतू वाहून नेणारा डास, पिसू यांसारखा जीव; त्यासाठी ‘रोगवाहक’ हा शब्द आहे. स्वतः आजारी न दिसता जंतू बाळगणाऱ्या माणसाला कॅरिअर म्हणतात. दोन्हींसाठी ‘वाहक’ एवढाच शब्द वापरला तर माणूस आणि डास एकाच रांगेत जाऊन बसतात.

आयसोलेशन आणि क्वारंटाइन या शब्दांची २०२० साली मोठी सरमिसळ झाली. रोग झालेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे आयसोलेशन, अर्थात विलगीकरण. संपर्कात आलेल्या, परंतु आजारी नसलेल्या व्यक्तीला ठराविक काळ वेगळे ठेवणे म्हणजे क्वारंटाइन, अर्थात अलगीकरण. क्वारंटाइनच्या मुळाशी इटालियन भाषेतील ‘चाळीस’ हा आकडा आहे. प्लेगच्या भीतीने बंदरात आलेली जहाजे चाळीस दिवस थांबवून ठेवण्याच्या प्रथेतून तो आला. त्यापूर्वी, १३७७ साली, आजच्या दुब्रोव्निक शहराने अशी मुदत ठरवली होती, ती मात्र तीस दिवसांची होती. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली आणि पुढच्याच वर्षी साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. १८९७ सालच्या त्याच कायद्याचा आधार २०२० सालीही घेण्यात आला.

आकड्यांची भाषा

इन्सिडन्स म्हणजे ठराविक काळात नव्याने आढळलेल्या रुग्णांचे प्रमाण. प्रिव्हॅलन्स म्हणजे विशिष्ट वेळी अस्तित्वात असलेल्या एकूण रुग्णांचे प्रमाण. चांगल्या औषधामुळे रुग्ण अधिक काळ जगू लागले, तर नवे रुग्ण कमी होऊनही एकूण रुग्ण वाढू शकतात. एचआयव्हीच्या बाबतीत ही शक्यता नेहमी ध्यानात घ्यावी लागते.

केस फेटॅलिटी रेट आणि मॉर्टॅलिटी रेट या दोहोंना ‘मृत्युदर’ म्हणण्याची प्रथा आहे. दहा हजार वस्तीच्या गावात २०० जणांना रोग झाला व १० जण दगावले असे समजू. रुग्णांपैकी मरण पावलेल्यांचे प्रमाण, म्हणजे केस फेटॅलिटी रेट, ५ टक्के. संपूर्ण लोकसंख्येतील मृत्यूंचे प्रमाण, म्हणजे मॉर्टॅलिटी रेट, ०.१ टक्का. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र त्यांत पन्नास पटींचा फरक आहे. म्हणून पहिल्यासाठी ‘रुग्णमृत्युदर’ असा वेगळा शब्द वापरणे हिताचे ठरते.

नियंत्रण, दुरीकरण, समूळ उच्चाटन

कंट्रोल म्हणजे रोगाचे प्रमाण सहन करण्याजोग्या पातळीवर आणणे. एलिमिनेशन म्हणजे विशिष्ट प्रदेशात ते शून्यावर किंवा ठरवून दिलेल्या अत्यल्प पातळीवर आणणे. इरॅडिकेशन म्हणजे संपूर्ण जगातून रोगाचे कायमचे उच्चाटन. मानवाच्या रोगांपैकी इरॅडिकेशन आजवर केवळ देवी या रोगाचे झाले आहे. जागतिक आरोग्य परिषदेने मे १९८० मध्ये ते जाहीर केले. प्राण्यांच्या रोगांपैकी बुळकांड्या हा गुरांचा रोग २०११ साली जगातून नाहीसा झाल्याचे घोषित करण्यात आले. पोलिओबाबत भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त प्रमाणित झाला. हे एलिमिनेशन होय. जगात विषाणू शिल्लक असेपर्यंत डोस देणे थांबवता येत नाही, ते याचमुळे.

या दोन्ही शब्दांसाठी मराठीत सरसकट ‘निर्मूलन’ हा शब्द वापरला गेला. त्याचा परिणाम कुष्ठरोगाच्या बाबतीत दिसून आला. भारताने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचे ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून एलिमिनेशन’ साध्य केले. त्याचा अर्थ एवढाच होता की, दर दहा हजार लोकसंख्येमागे रुग्णसंख्या एकपेक्षा कमी झाली. ‘निर्मूलन’ शब्द ऐकणाऱ्याला मात्र रोग मुळासकट गेला, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात त्यानंतरही अनेक वर्षे दरवर्षी एक लाखाहून अधिक नवे रुग्ण देशात आढळत राहिले. अंगावरचा बधिर चट्टा दाखवण्यास उशीर झाला, तर हातापायांची विकृती कायमची राहते. क्षयरोगासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात २०२० साली कंट्रोलच्या जागी एलिमिनेशन आले. महाराष्ट्रात त्यासाठी ‘दुरीकरण’ हा शब्द वापरला जातो. तो अधिक नेमका आहे, कारण मूळ उपटल्याचा दावा तो करीत नाही.

रेझिस्टन्स म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे

या सर्व शब्दांत सर्वाधिक घोटाळा ‘रेझिस्टन्स’ या शब्दाने केला आहे. इम्युनिटी म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती. ती आपली असते आणि हवीहवीशी असते. ड्रग रेझिस्टन्स हा मात्र जंतूंचा गुण आहे. जंतूंमध्ये आकस्मिक बदल होत असतात. औषध अर्धवट किंवा अकारण घेतले की दुबळे जंतू मरतात आणि औषधातून निभावून जाणारे उरतात. पुढे त्यांचीच संख्या वाढते. म्हणून ‘रुग्णाच्या शरीरात औषधाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाली’ हे वाक्य चूक आहे. सवय रुग्णाच्या शरीराला लागलेली नसून जंतू बदललेले असतात, आणि असे जंतू ज्याने ते औषध कधीही घेतले नाही अशा शेजाऱ्यालाही संसर्ग करू शकतात. मराठीत यासाठी एक सुंदर प्रयोग आधीपासून आहे : ‘औषधाला दाद न देणारा क्षयरोग’. ‘औषधप्रतिरोधी’ या शब्दापेक्षा तो ऐकणाऱ्याला चटकन समजतो.

एमडीआर टीबी म्हणजे आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन या दोन प्रमुख औषधांना दाद न देणारा क्षय. एक्सडीआर म्हणजे त्याहून व्यापक प्रतिरोध. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या २०२१ साली सुधारली. २०१२ च्या जानेवारीत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ‘टोटली ड्रग-रेझिस्टंट’, म्हणजे कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण आढळल्याचे सांगितले. त्या वेळी ‘टोटली’ या एका शब्दावर मोठा वाद झाला. आरोग्य मंत्रालयाने या संज्ञेवर आक्षेप घेतला. जागतिक आरोग्य संघटनेनेही ही नवी व्याख्या स्वीकारली नाही, कारण काही औषधांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या पुरेशा विश्वसनीय नव्हत्या. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. ‘टोटली’ म्हटले की उपचार उरलेच नाहीत असा अर्थ रुग्णापर्यंत पोहोचतो. आणि शब्द अमान्य केला की प्रश्नच नाही, असा अर्थ यंत्रणा काढू शकते.

‘निगेटिव्ह’ हा शब्दही जपून वापरावा. क्षयरुग्णाच्या थुंकीची तपासणी उपचारांच्या पहिल्या दोन महिन्यांतच अनेकदा निगेटिव्ह येते. याचा अर्थ त्या नमुन्यात जंतू दिसले नाहीत, इतकाच. साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो. निगेटिव्ह म्हणजे बरा झालो, असे समजून औषध सोडणे हाच रेझिस्टन्सकडे जाणारा एक मार्ग आहे.

औषधाचा शोध : स्क्रीनिंगपासून कँडिडेटपर्यंत

नव्या औषधाच्या शोधाला ड्रग डिस्कव्हरी म्हणतात. जंतूच्या ज्या घटकावर घाव घालायचा, तो टार्गेट. हजारो पदार्थांची जंतूवर किंवा टार्गेटवर चाचणी घेणे म्हणजे स्क्रीनिंग. त्यात परिणाम दाखवणारा पदार्थ म्हणजे हिट. हिटपैकी पुढे सुधारणा करण्याजोगा पदार्थ म्हणजे लीड कंपाउंड. आणि माणसावरील चाचणीस योग्य ठरलेला पदार्थ म्हणजे ड्रग कँडिडेट. शोधाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असलेल्या सर्व औषधांना मिळून पाइपलाइन म्हटले जाते.

घाईच्या अनुवादात हे शब्द हमखास दगा देतात. लीड कंपाउंड म्हणजे शिशाचे संयुग नव्हे, तर आघाडीचे संयुग. ड्रग कँडिडेट म्हणजे संभाव्य औषध; येथे उमेदवाराचा संबंध नाही. कल्चर म्हणजे जंतुसंवर्धन, संस्कृती नव्हे. स्ट्रेन म्हणजे ताण नव्हे, तर जंतूचा उपप्रकार. नॉव्हेल व्हायरस म्हणजे नवा विषाणू. ट्रायल म्हणजे चाचणी, खटला नव्हे. ड्रग म्हणजे औषध की अंमली पदार्थ, हे तर दर वेळी संदर्भावरूनच ठरवावे लागते.

स्क्रीनिंगचे एक गाजलेले उदाहरण चीनचे आहे. हिवतापावरील औषधासाठी १९६७ साली तेथे गुप्त प्रकल्प सुरू झाला. तू यूयू यांच्या गटाने पारंपरिक ग्रंथांतील वनस्पती तपासल्या. एका प्राचीन ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिण्यास सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी ताडले आणि कमी तापमानावर अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. त्यासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

अँटिबायोटिक म्हणजे प्रतिजैविक. अनेक प्रतिजैविके मातीतील सूक्ष्मजीवांपासून मिळाली आहेत. क्षयावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत असेच सापडले. महाराष्ट्रातही असा शोध लागला आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीतील संशोधकांनी बुरशीविरोधी हॅमायसिन शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावात, स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना यात, पिंपरी कायमची नोंदली गेली आहे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. बॅक्टेरिया व व्हायरस या दोहोंना बातमीत ‘जंतू’ म्हटल्यास हा महत्त्वाचा भेद पुसला जातो आणि सर्दीपडशासाठी प्रतिजैविक मागण्याची सवय बळावते.

चाचणीचे टप्पे

माणसाला देण्यापूर्वी प्रयोगशाळेत व प्राण्यांवर होणाऱ्या चाचण्या प्रीक्लिनिकल. त्यानंतरच्या क्लिनिकल ट्रायलचे टप्पे असतात. फेज वनमध्ये थोड्या स्वयंसेवकांवर औषधाची सुरक्षितता व मात्रा पाहिली जाते. फेज टूमध्ये काही शे रुग्णांवर परिणामाचा अंदाज घेतला जातो. फेज थ्रीमध्ये अधिक रुग्णांवर, बहुधा प्रचलित उपचारांशी तुलना होते. फेज फोर म्हणजे औषध बाजारात आल्यानंतरची देखरेख. ‘फेज वन यशस्वी’ या बातमीचा अर्थ औषध सापडले, असा होत नाही. अशी अनेक औषधे पुढील टप्प्यांवर गळतात.

रँडमाइज्ड म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवणे. ब्लाइंड म्हणजे कोणाला काय दिले, हे रुग्णास ठाऊक नसणे; सहसा रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नसल्यास डबल ब्लाइंड. प्लॅसिबो म्हणजे औषधासारखी दिसणारी, औषध नसलेली गोळी. इन्फॉर्म्ड कन्सेंट म्हणजे माहितीपूर्ण संमती. सही घेतली की संमती मिळाली असे नव्हे. रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व सांगितलेले असणे त्यात अभिप्रेत आहे. अनुवादकाचे काम येथे बातमीपुरते राहत नाही.

अशा चाचण्यांचा आरंभीचा आदर्श म्हणजे ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी. तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४, तर इतरांपैकी १४ जण दगावले. मात्र त्याच चाचणीत अनेकांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले. एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत या अनुभवातून रूढ झाली.

लसीच्या टक्केवारीचा अर्थ

व्हॅक्सिन हा शब्द गाय या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली गोस्तनदेवीच्या साहाय्याने देवीविरुद्ध संरक्षण देता येते, हे दाखवले. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

चाचणीतील परिणामकारकतेला एफिकसी, तर प्रत्यक्ष वापरातील परिणामकारकतेला इफेक्टिव्हनेस म्हणतात. ९० टक्के एफिकसी म्हणजे लस घेतलेल्या शंभरांपैकी दहा जण आजारी पडतात, असे नव्हे. समजा, प्रत्येकी दहा हजारांचे दोन गट आहेत. लस न घेतलेल्यांत १०० जण आजारी पडले आणि घेतलेल्यांत १०, तर धोका ९० टक्क्यांनी घटला. लस घेतलेल्यांपैकी आजारी पडलेल्यांचे प्रमाण येथे हजारात एक आहे.

औषधांची नावे आणि हक्क

औषधाच्या कंपनीने दिलेल्या नावाखेरीज एक आंतरराष्ट्रीय नाव असते. त्याच्या अखेरच्या अक्षरांवरून औषधाचे कुळ ओळखता येते. ‘सिलिन’ हे पेनिसिलिनच्या वर्गातील प्रतिजैविकांचे, ‘फ्लॉक्सासिन’ हे दुसऱ्या एका प्रतिजैविक गटाचे, ‘व्हिर’ हे विषाणूविरोधी औषधांचे, ‘कोनॅझोल’ हे बुरशीविरोधी औषधांचे, तर ‘मॅब’ हे मोनोक्लोनल अँटिबॉडीचे चिन्ह आहे. घरातील गोळ्यांच्या पाकिटावर हे नाव वाचण्याची सवय उपयोगी पडते. तेच औषध दोन वेगळ्या नावांनी घेणे त्यामुळे टळते.

पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्या जे समान औषध तयार करतात, ते जेनेरिक. किरकोळ बदल करून पेटंट लांबवण्याच्या प्रयत्नाला एव्हरग्रीनिंग म्हणतात. दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्यता मिळाली. क्षयावर नव्या वर्गातील औषध येण्यास चाळीसहून अधिक वर्षे लागली होती. या औषधाच्या एका क्षाराचे पेटंट भारतात मिळावे, या अर्जाला क्षयातून बऱ्या झालेल्या दोन महिलांनी आव्हान दिले. त्यांपैकी एक मुंबईची, तर दुसरी दक्षिण आफ्रिकेची. जुन्या उपचारांत दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि जेनेरिक औषधाचा मार्ग खुला झाला. जुन्या उपचारांच्या संदर्भात कागदोपत्री ‘साइड इफेक्ट’ एवढाच उल्लेख असतो. मराठीत त्यासाठी ‘दुष्परिणाम’ हा शब्द आहे आणि या प्रकरणात तोच अधिक प्रामाणिक वाटतो.

इंग्रजी शब्द टाळावेत की स्वीकारावेत, हा प्रश्न दुय्यम आहे. डॉक्टरांकडून, प्रयोगशाळेकडून किंवा बातमीतून असा शब्द कानावर पडल्यास ‘म्हणजे नेमके काय?’ असे अवश्य विचारावे. निगेटिव्ह, रेझिस्टंट, एलिमिनेशन या तीन शब्दांचा अर्थ तरी विचारल्यावाचून गृहीत धरू नये.